‘कोड वाचा’ हे उत्तर नव्हे

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या जगात बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या प्रकल्पाच्या रचनेविषयी प्रश्न विचारला, की त्याला बहुधा दोन शब्दांचे उत्तर मिळते: कोड वाचा. ज्या आज्ञावलीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येते ती मुक्तस्रोत आज्ञावली. आणि ही संहिता तिच्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसह जिथे ठेवलेली असते त्या कोठाराला रेपॉझिटरी किंवा व्यवहारात नुसते रेपो म्हणतात. ‘कोड वाचा’ या उत्तरामागे उद्धटपणा असतोच असे नाही. त्यामागे एक मत असते, आणि ते इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. यंत्र जे चालवते ते कोड, म्हणून कोड हाच एकमेव खरा दस्तऐवज, बाकीचे लिखाण आज ना उद्या शिळे होऊन वाचणाऱ्याला फसवणारच, आणि ज्याला कोड वाचून उमगत नाही त्याने त्यात हात घालूच नये, असा त्या मताचा आशय आहे. हे मत चुकीचे आहे, आणि जे प्रकल्प स्वतःला मुक्त म्हणवतात त्यांच्या तोंडी ते विसंगतही आहे.

त्यात अर्धे सत्य आहे हे आधी मान्य केले पाहिजे. तीन आवृत्त्यांपूर्वीची रचना सांगणारी टीप ही टीपच नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, हे कोणताही अनुभवी प्रोग्रामर सांगेल. परंतु यातून निष्पन्न होते ते एवढेच, की टिपा कोडबरोबर बदलल्या पाहिजेत. त्या नसल्या तरी चालेल, हे त्यातून निघत नाही. शिवाय कोड खोटे बोलत नसला तरी पुष्कळ गोष्टींविषयी तो गप्प असतो. यंत्राने कोणत्या क्रमाने काय करावे ते तो सांगतो. तसेच का करावे, दुसरी कोणती वाट चालून पाहून सोडून दिली, कोणते गृहीतक सुटले तर सगळा डोलारा खाली बसेल, हे त्यात असेलच याची खात्री नसते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत सापडते. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळवणाऱ्या भागात तेथे अशी एक टीप होती, की वाचणाऱ्याला हे समजावे अशी अपेक्षा नाही. ही टीप पुढे जाणत्यांच्या गोटात मोठ्या कौतुकाने मिरवली गेली. युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी नंतर दिलेला खुलासा मात्र त्या कौतुकाला फारसा पोषक नाही: हे परीक्षेत विचारले जाणार नाही, अशा भावनेने ती टीप लिहिली होती, आणि खरी अडचण अशी होती की तेथे नेमके काय चालले आहे ते लिहिणाऱ्यांनाही नीट कळलेले नव्हते. प्रोसेसर वळवण्याची ती युक्ती पीडीपी-११ या यंत्रावर चालत होती, कारण तेथील कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, प्रत्येक फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यातून, परतताना एकाच ठरावीक पद्धतीने वागत असे. युनिक्स इंटरडेटा यंत्रावर नेताना ते गृहीतक मोडले आणि सातव्या आवृत्तीत ती युक्तीच बदलावी लागली. कोडची प्रत्येक ओळ खरी होती, पण ज्या आधारावर त्या ओळी उभ्या होत्या तो आधार कोडात कोठेच लिहिलेला नव्हता.

त्याच सहाव्या आवृत्तीच्या सुमारे ९,००० ओळींच्या गाभ्यावर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केली, तेव्हापासून हे भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून हातोहात फिरत राहिले आणि ते रीतसर छापून बाजारात यायला १९९६ उजाडले. त्या प्रतींबरोबर कोडही मिळत असे आणि काहींना तोच हवा होता, हे खरे. पण ज्यांच्याकडे युनिक्सचा परवाना आणि म्हणून कोड आधीपासून होता, त्यांनाही भाष्य हवेच होते. कोड स्वतःच पुरेसा दस्तऐवज असता, तर त्यांनी पुसट झालेल्या प्रतींमागे का लागावे, याचा खुलासा ‘कोड वाचा’ पक्षाकडून आजवर झालेला नाही.

नवख्या वाचणाऱ्याचे पहिले काही तास कसे जातात ते पाहिल्याशिवाय हा वाद हवेतच राहील. त्याला सगळा प्रकल्प समजून घ्यायचा नसतो. बहुधा एखादा बग, म्हणजे आज्ञावलीतील दोष, त्याला नडलेला असतो आणि तेवढा दुरुस्त करून तो आपल्या कामाला लागणार असतो. रेपो उतरवून घेतल्यावर त्याच्यासमोर फोल्डरांची रांग येते, ज्यांत ‘कोअर’, ‘कॉमन’ आणि ‘युटिल्स’ ही नावे असतात, ज्यांवरून आत काय आहे याचा काहीही बोध होत नाही, आणि शेजारी ‘ओल्ड’ व ‘न्यू’ अशीही दोन असतात, ज्यांतले ‘न्यू’ कधीच सोडून दिलेले आहे हे त्याला आठवड्याने कळते. रीडमी नावाची फाइल ही रेपोच्या दारावरची पाटी. तिच्यावर बोधचिन्ह असते, वेगाची प्रौढी असते आणि बिल्डची, म्हणजे कोडपासून चालती आज्ञावली तयार करण्याची, तीन ओळींची कृती असते, जी चालत नाही, कारण तिला एका लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, अशी विशिष्ट आवृत्ती लागते जी प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या संगणकावर आहे आणि म्हणूनच तिचा उल्लेख करण्याचे त्याला कधी सुचले नाही. बिल्ड कसेबसे पार पडल्यावर तो दोषसूचनेचा मजकूर सगळ्या रेपोत शोधतो, तर तो मजकूर चाळीस ठिकाणी निघतो, किंवा तुकडे जोडून तयार होत असल्यामुळे एकाही ठिकाणी निघत नाही. एखादे फंक्शन सापडलेच, तर त्याला हाक कोण मारते ते कोडवरून कळत नाही, कारण ते आज्ञावली चालू झाल्यावर एका यादीत नोंदवले जाते आणि त्या यादीतून आडमार्गाने बोलावले जाते. कोड वाचण्याचे कौशल्य नसल्यामुळे तो येथे अडलेला नाही; कोठून वाचायला लागावे हेच कोठे लिहिलेले नसल्यामुळे तो अडला आहे.

अशा वेळी त्याला सांगितले जाते की इतिहास पाहा. गिट या साधनात प्रत्येक ओळ शेवटची कोणी, केव्हा आणि कोणत्या बदलात लिहिली ते दाखवण्याची सोय आहे, आणि बदलाबरोबरची नोंद काळजीपूर्वक लिहिलेली असेल तर तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. पण ती नोंद अनेकदा ‘दुरुस्ती’ एवढ्या एका शब्दाची असते, आणि इतिहासाला कोठेतरी भिंत लागते. लिनक्सच्या गाभ्याच्या मुख्य रेपोत ही भिंत एप्रिल २००५ मध्ये आहे: गिटचा वापर सुरू झाला तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी आधीचा इतिहास सोबत न घेता सगळा कोड एकाच नोंदीने आत आणला, त्यामुळे १९९१ पासूनच्या चौदा वर्षांत लिहिलेल्या आणि नंतर कोणी हात न लावलेल्या सगळ्या ओळींची जन्मतारीख तेथे एकच दिसते. लिनक्सने ही उणीव दुसऱ्या बाजूने पुष्कळ भरून काढली आहे, कारण कोणता भाग कोण सांभाळतो हे सांगणारी फाइल आणि स्वतंत्र दस्तऐवजांचे मोठे फोल्डर त्याच रेपोत आहेत. लहान प्रकल्पांत भिंत तेवढी असते, भरपाई नसते.

आता विसंगतीकडे वळता येईल. मुक्तस्रोत परवान्यांनी कोडची नुसती उपलब्धता कधीच पुरेशी मानलेली नाही. १९९१ च्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोडची व्याख्या, बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप, अशी केलेली आहे आणि बिल्डसाठी व आज्ञावली बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत. १९९८ मध्ये मांडल्या गेलेल्या ओपन सोर्सच्या व्याख्येत मुद्दाम दुर्बोध केलेला कोड चालणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. ज्यांनी हे शब्द घातले त्यांना पाहता येणे आणि बदलता येणे यांतला फरक चांगला ठाऊक होता. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी तर मुक्त प्रणालींची सर्वांत मोठी उणीव आज्ञावलींत नसून चांगल्या मुक्त पुस्तिकांच्या अभावात आहे, असे स्वतःच लिहिले आहे. परवाना दस्तऐवजाची सक्ती करत नाही हा आक्षेप कायदा म्हणून बरोबर आहे, पण मुद्दा तर्काचा आहे: मुद्दाम दुर्बोध केलेला कोड मुक्त नसेल, तर निष्काळजीपणाने तितकाच दुर्बोध राहिलेला कोड परक्या वाचकाच्या दृष्टीने कितीसा अधिक मुक्त असतो? मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल अभ्यासकांसाठी उघडले म्हणून मराठ्यांचा इतिहास खुला झाला नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत लावून, छापून आले, तेव्हा मोडी न येणाऱ्यालाही त्यात शिरता आले.

यावर दुसरा आक्षेप असा येतो, की फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार कसली? हा आक्षेप एका ठिकाणी पूर्णपणे योग्य आहे. रात्री घरी बसून कोणी छंदापोटी काही लिहिले आणि इतरांना उपयोग होईल म्हणून उघड्यावर ठेवले, तर तो कोणाचे काही देणे लागत नाही, आणि त्याच्याकडे दस्तऐवजांची मागणी करणे ही आगंतुकाची शिरजोरी ठरेल. पण बहुतेक वाद अशा प्रकल्पांविषयी नसतो. जे प्रकल्प हातभार लावण्याचे जाहीर आवाहन करतात, ज्यांच्यावर कंपन्यांचे उत्पन्न उभे असते आणि ज्यांच्या ‘मुक्त’ या बिरुदामुळे त्यांना विश्वास, नाव आणि फुकटचे श्रम मिळतात, त्यांनी दार उघडे आहे असे सांगायचे आणि जिना काढून ठेवायचा, यावर आक्षेप आहे. असे रेपो ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के उत्तरदात्यांना अपुरे किंवा जुने दस्तऐवज ही सर्रास आढळणारी अडचण वाटली, आणि त्याच सर्वेक्षणात हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी दस्तऐवजांसाठी आपण क्वचितच काही करतो किंवा काहीच करत नाही असे सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोष नवख्याच्या आळसात शोधण्याची सोय उरत नाही. तो जाणत्यांच्या सवयीत आहे.

‘कोड वाचा’ पक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांच्या १९८५ च्या निबंधात आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाउर यांच्या मते प्रोग्राम लिहिणे म्हणजे त्या प्रश्नाविषयी एक उपपत्ती मनात घडवणे. कोड आणि दस्तऐवज हे त्या उपपत्तीचे केवळ अवशेष असतात, आणि ती बाळगणारी माणसे पांगली की प्रोग्राम मेला असे समजावे. त्यांनी दिलेल्या उदाहरणात एका गटाने लिहिलेला कंपायलर दुसऱ्या गटाने वाढवायला घेतला, त्यांच्याकडे संपूर्ण टिपांसह कोड होता, तरीही त्यांनी सुचवलेल्या बदलांत मूळ रचनेची ताकद ओळखण्यात वारंवार चूक झाली आणि पहिल्या गटाला ती पाहताक्षणी दिसली. यावरून दस्तऐवज व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढणारे त्या उदाहरणाचा उरलेला अर्धा भाग विसरतात. पहिला गट सल्ल्यासाठी हजर होता म्हणूनच त्या चुका वेळीच ध्यानात आल्या. उपपत्ती मिळते ती जाणत्याच्या सहवासात, असे नाउर यांचे म्हणणे आहे. म्हणजे नाउर यांचा आधार घेऊन दस्तऐवज नाकारायचे असतील, तर प्रत्येक नवख्याला शेजारी बसवून शिकवण्याची तयारी ठेवावी लागते. जगभर विखुरलेल्या प्रकल्पात ते अशक्य आहे असे म्हणायचे, आणि लिहूनही ठेवायचे नाही, यात नाउर यांचे नाव घेण्यासारखे काही उरत नाही. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, याहून व्यवहारी भूमिका मांडली: रचना प्रत्यक्षात चाचपडतच घडते हे मान्य करून, ती विचारपूर्वक घडली असती तर जे कागद तयार झाले असते ते नंतर का होईना तयार करावेत आणि नाकारलेले पर्यायही त्यात नोंदवावेत. लबाडी म्हणून याकडे पाहण्याचे कारण नाही. गणिती आपली सिद्धता शोधताना झालेली वेडीवाकडी वाटचाल छापत नाही, सिद्धता छापतो.

हे होऊ शकते याला पुरावा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या रेपोत महत्त्वाच्या फोल्डरांमध्ये स्वतंत्र रीडमी आहेत. त्याच्या बी-ट्री निर्देशांकाच्या फोल्डरातील फाइल तो कोड लेहमन आणि याओ यांच्या पद्धतीवर उभा आहे हे सांगते आणि त्या पद्धतीपासून कोठे व का फारकत घेतली तेही सांगते. लिब्रेऑफिस या कार्यालयीन आज्ञावलीसंचाला जुन्या जर्मन कंपनीच्या स्टारऑफिसकडून आलेल्या कोडात टिपा मुबलक होत्या, पण त्या जर्मन भाषेत. २०१० मध्ये प्रकल्प स्वतंत्र झाल्यावर त्यांचे इंग्रजीत भाषांतर करण्याचे किचकट काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले, आणि ज्यांना अजून कोड बदलता येत नव्हता त्यांनाही त्यातून आत येण्याची वाट मिळाली. सर्वांत मौजेचे उदाहरण एसक्यूलाइट या डेटाबेसचे. हा प्रकल्प बाहेरच्यांचे बदल साधारणपणे स्वीकारतच नाही, आणि तरीही त्याची फाइलरचना, अंतर्गत आज्ञा आणि मांडणी तपशीलवार लिहिलेली आहे. त्या आज्ञांचा संदर्भग्रंथ तर कोडातील टिपांमधूनच आपोआप तयार होतो, त्यामुळे तो शिळा होण्याचे भय फारसे राहत नाही. दार बंद ठेवणाऱ्याने घराचा नकाशा बाहेर लावावा आणि ‘या, या’ म्हणणाऱ्यांकडे तो नसावा, हे चित्र मुक्तस्रोत जगाला शोभणारे नाही.

देवनागरी वाचणाऱ्यांचा या प्रश्नाशी संबंध किती जवळचा आहे ते हार्फबझ या लायब्ररीवरून कळते. अक्षरांच्या सांकेतिक मालिकेचे पडद्यावरील जोडाक्षरांत रूपांतर करणारी ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांच्या पोटात आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा र. हिंदीला या दुसऱ्या र-ची गरज पडत नाही. युनिकोड मानकाने त्यासाठीचा नियम लिहून ठेवला आहे, पण तो कोडात उतरला की उरते ती एक अट: अमुक संकेतामागून तमुक संकेत आला तर रफार करू नये. ज्याला सी++ येते पण मराठी येत नाही त्याला ती अट विनाकारण घातलेली वाटेल आणि नीटनेटकेपणाच्या भरात तो ती काढूनही टाकेल. ज्याला मराठी येते पण तो कोड परका आहे त्याला त्या अटीपर्यंत पोहोचताच येणार नाही. हार्फबझच्या भारतीय लिपींच्या फाइलीत मायक्रोसॉफ्टची युनिस्क्राइब प्रणाली अशा प्रसंगी कशी वागते आणि कोणत्या अक्षरमालिकेवर ते तपासून पाहावे, याच्या टिपा जागोजागी आहेत. ज्यांना अशा टिपा म्हणजे पसारा वाटतो त्यांनी त्या पुसून पाहाव्यात आणि मग कोणत्या अटी ठेवायच्या व कोणत्या काढायच्या ते सांगावे.

मुक्तस्रोताचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये रूढ केलेला विश्वास असा, की पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही दोष उथळ ठरतो. पण ओपनएसएसएल या सांकेतिकरणाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. तोवर इंटरनेटवरील असंख्य सर्व्हरांवर चालणाऱ्या आणि कोणालाही वाचता येईल अशा कोडात तो दोन वर्षे बसून होता. दस्तऐवज नव्हते म्हणून तो झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण मूळ चूक लांबीची एक तपासणी राहून जाण्याची होती. परंतु तो कोड फोर्क करून, म्हणजे त्याची वेगळी शाखा काढून, लिब्रेएसएसएल हा प्रकल्प सुरू करणाऱ्यांना आधी हजारो ओळी काढून टाकाव्या लागल्या, यावरून डोळे का पोहोचले नव्हते याची कल्पना येते. एक्सझेड या मुक्तस्रोत आज्ञावलीत घातक कोड घुसवल्याच्या, मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात तर दुर्बोधतेचा आडोसा जाणूनबुजून घेतला गेला. घातक भाग चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या फाइलींत, लपवलेला होता आणि त्याला जागे करणारी ओळ रेपोत नसून वाटपासाठीच्या गठ्ठ्यात होती. या फाइली कशा तयार केल्या हे लिहिण्याची प्रथा असती, तर त्यांच्याकडे बोट दाखवता आले असते. प्रथा नसल्यामुळे त्या इतर कोणत्याही अगम्य फाइलीसारख्याच निरुपद्रवी दिसल्या. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला संशय आला तो कोड वाचून नव्हे, तर दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो हे शोधताना.

आता म्हटले जाऊ लागले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे कोड वाचून समजावून देतील, मग लिहायचे कशाला? ती समजावून देतात हे खरे आणि उपयोगाचेही आहे. पण जे कोणी लिहूनच ठेवले नाही ते कारण यंत्राला कोडातून काढता येत नाही; ते एक संभाव्य कारण आत्मविश्वासाने सांगते, आणि शिळ्या टिपेविषयी ज्यांना इतका राग आहे त्यांनी या ताज्या तर्काविषयी मात्र उदार व्हावे, हे नवल आहे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक फंक्शनवर टीप कोणालाच नको आहे. नव्या यंत्रावर खरोखर चालवून पाहिलेली बिल्डची कृती, कोठून वाचायला लागावे हे सांगणारे एक पान, घेतलेल्या आणि नाकारलेल्या मोठ्या निर्णयांची कारणे, आणि कोणत्या भागाविषयी कोणाला विचारावे याची यादी, एवढ्याने नवख्याचा आठवडा वाचतो. यांतले बरेचसे लिहून झालेलेही असते. फक्त ते एकेकट्या नवख्याला खाजगीत पाठवलेल्या उत्तरांत विखुरलेले असते. तेव्हा मेंटेनरांनी रचनेविषयीच्या प्रश्नाचे उत्तर यापुढे आधी रेपोत लिहावे आणि मग विचारणाऱ्याला त्या पानाचा पत्ता पाठवावा. आणि वाट सापडलेल्या नवख्याने ती विसरून जाण्याआधी, पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या बदलात, तीन ओळींत का होईना, नोंदवून ठेवावी.